पळसदेवचं स्थळ

माझी फुप्फुसं कामातून गेली यात नवल काही नाही. उभी हयात गुऱ्हाळावर गेली, तिथं चुलवाणाचा धूर होता आणि बिडी कुणीही पुढं करायचं. आता डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, एक सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि एक अडीनडीचा. शिवाय एक युक्ती शिकवली आहे. दम लागला की जागच्या जागी थांबायचं, ओठांचा चंबू करायचा आणि फूऽऽ करत हळूहळू श्वास सोडायचा. बोलायचं अजिबात नाही. हा शेवटचा भाग मला किती अवघड जातो, ते माझ्या घरी कुणालाही विचारा.

गेल्या वर्षी मला पळसदेवला अक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं जायचं होतं. लेक म्हणाला, रविवारी मोटारसायकलवर सोडतो. मी म्हणालो, मी काय दुधाचं कॅन आहे, सोडायला आणि परत आणायला? जुंपली. शेवटी तह झाला तो असा: मी एकटा जायचं, पण बाराच्या आत पोचायचं. बाराला तो फोन करणार आणि अक्कानं स्वतः सांगायचं की आबा आले. तसं झालं नाही तर इथून पुढं एकट्यानं प्रवास बंद. मी तावातावानं कबूल केलं खरं, पण मनातून टरकलो होतो. पारापर्यंत जायचं तरी घरी विचारावं लागतं अशी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांच्यात बसायचं नव्हतं.

काटेवाडीत एसटी धरली, इंदापूरला उतरलो, तिथून भिगवणच्या गाडीनं पळसदेवच्या फाट्यावर सव्वाअकराला हजर. इथवर माझं काही कर्तृत्व नव्हतं, सगळं ड्रायव्हरचं. खरी परीक्षा पुढं. अक्काचं घर गावाच्या पार टोकाला, धरणाच्या पाण्याकडं. तीन ठिकाणी थांबलो. चौथ्यांदा दम लागला तो नेमका एका अनोळखी घरासमोर. कुंपणाचा खांब धरला आणि चंबू केला.

आता चूक कुणाची म्हणायची? माझा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी, आणि बायकोनं अक्कासाठी दिलेला नारळ पिशवीतून डोकावत होता. असा माणूस दारात उभा राहिला आणि काही बोलेना, की आमच्याकडं त्याचा एकच अर्थ होतो.

"या, या पाव्हणं," म्हणत घरधनी बाहेर आला. "सकाळपास्नं वाट बघतोय आमी. बारामतीकडनं न्हवं?"

दम लागला की श्वासाबरोबर माझी मान खालीवर होते. त्या बिचाऱ्याला तो होकार वाटला. त्यानं मला हाताला धरून आत नेलं आणि पंख्याखाली खुर्ची दिली. बसायला मिळालं म्हणून मीही गेलो, खोटं कशाला सांगू.

"पोरगा कारखान्यात परमनंट हाय म्हनं?"

मान खालीवर.

"पाच एकर बागायत?"

मान खालीवर.

मालकीण आतल्या दारातून पुढं आली. "एक विचारते, राग मानू नका. पोरगा पितो का वो?"

मान खालीवर, आणि फूऽऽ. तिचा चेहरा उतरला. घरधन्यानं सावरून घेतलं, "पाव्हण्या-रावळ्यांत कधीमधी पीत आसंल. का रोज?" मी घाबरून नाही म्हणायला गेलो, त्यानं धाप वाढली आणि मान दुप्पट वेगानं हलायला लागली.

तेवढ्यात साडी नेसलेली मुलगी पोहे घेऊन आली. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. "आई, त्यांना दम लागलाय. जरा गप बसा की दोघं बी." मला ती सून म्हणून लगेच पसंत पडली, पण माझ्याकडं लग्नाचा मुलगा शिल्लक नव्हता.

अडीनडीचा पंप ओढला, पोहे खाल्ले, आणि बऱ्याच वेळानं आवाज परत आला. "मी स्थळ घिऊन आलो न्हाय," मी म्हणालो. "बहिणीकडं चाललोय."

घरधनी माझ्या रिकाम्या बशीकडं बघत राहिला. मालकिणीनं विचारलं, "मग रोज पितो त्यो कोन?"

"कुनीच न्हाय."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या जिवात जीव आला.

आणि फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात बारा.

"पोचला का, आबा?" लेकाचा आवाज.

"पोचलो."

"आत्याकडं द्या."

फोनवर हात ठेवून मी मालकिणीला म्हणालो, "बाई, पाच मिन्टं माझी बहीण व्हा." दारुड्या जावयातून नुकतीच सुटलेली ती बाई माझ्यासाठी काहीही करायला तयार होती. तिनं फोन घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "व्हय रं बाळा, मी आत्या. पोचला की माझा भाऊ. पोहं खाऊन बसलाय."

पलीकडं कुणीतरी फोन ओढून घेतल्यासारखी खरखर झाली. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा आवाज आला, "तू आत्या, तर मग मी कोन?"

ती अक्का होती. लेक अकरापासून तिच्याच ओसरीवर बसून होता.

घरधन्यानं मला मोटारसायकलवरून नेऊन सोडलं. "दुसरी बहीण केलीस व्हय रं?" म्हणत अक्कानं दारातच माझी हजेरी घेतली. माझं लक्ष लेकाकडं होतं. त्याच्या चहावर साय धरली होती. आता हा बंदी घालणार म्हणून मी भांडायच्या तयारीत होतो, तर तोच खाली मान घालून म्हणाला, "तुमी पोचलाच असता, आबा. मलाच दम धरवला न्हाय."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण गलबलून आलं. पन्नाशीला आलेला माणूस, सकाळचं काम टाकून इथं येऊन बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "मग आता एकट्यानं प्रवास बंद का चालू?"

"चालू," तो म्हणाला.

म्हणून परतीला मी एसटीनंच निघालो, एकटा. तो मागून मोटारसायकलवर, गाडी थांबेल तिथं थांबत. लासुर्ण्याच्या पुढं कंडक्टर माझ्याकडं वाकून म्हणाला, "आबा, इंदापुरापास्नं त्यो मोटारसायकलवाला मागं लागलाय. तुमच्या वळखीचा हाय का?"

"लेक हाय माझा," मी म्हणालो. "एकट्यानं प्रवास जमत न्हाय त्याला अजून."