जवळचे ग्रह आणि घरचे जावई

दिनांक ११ जुलै, शनिवार. तारांगणाच्या संध्याकाळच्या खेळाची तिकिटं खपली एकशे आठ, जमा रक्कम चार हजार तीनशे वीस. त्यातलं शेवटचं तिकीट खपलंच नसतं, पण काळोखमामा खिडकीपाशी लवंग मागायला आले होते आणि सवयीप्रमाणे त्यांनी मध्ये तोंड घातलं.

पांढऱ्या मिशांचे एक जाडजूड गृहस्थ मोठी नोट घेऊन उभे होते आणि खिडकीतल्या ताईंकडे सुटे नव्हते. सुटे नाहीत तर तिकीट नाही, मग समोर साक्षात सूर्य का उभा राहीना, असा ताईंचा खाक्या. गृहस्थ परत फिरणार, तोच मामांनी स्वतःच्या खिशातून चाळीस काढून खिडकीत सरकवले. खेळ संपल्यावर द्या म्हणाले, आणि वर हेही सांगितलं की मधेच पळायचा विचार करू नका, काळोखात दार सापडत नाही.

मामा हे तारांगणातले निवेदक. म्हणजे घुमटावर तारे उमटले की ध्वनिक्षेपक हातात घेऊन बोलायचं, बाणाच्या आकाराचा उजेड फिरवून दाखवायचं, आणि शेवटी सूर्य उगवला की गप्प बसायचं. नेमणूक झाली होती ती मात्र दारात तिकिटं फाडायला. एके दिवशी जुन्या निवेदकांचा घसा बसला आणि तेव्हाच्या साहेबांनी हाताला लागला त्याला आत ढकललं. हातात चार कागद दिले होते. आत गेल्यावर दिवे मालवले आणि मामांच्या लक्षात आलं की काळोखात कागद वाचता येत नाही. मग त्यांनी मनानंच सांगायला सुरुवात केली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

मनानं म्हणजे काय, तर घरातलं. मामांच्या आकाशात सगळे नातेवाईकच राहत होते. ध्रुव म्हणजे घरातला थोरला, स्वतः जागचा हलणार नाही आणि बाकीच्यांना फिरवत ठेवील. धूमकेतू म्हणजे लांबचा आतेभाऊ, कधी येईल ते सांगून येतो आणि आला की अपेक्षेपेक्षा बारीक दिसतो. चंद्र म्हणजे उसन्या कपड्यात मिरवणारा मेहुणा.

खोडी अंगातच होती. एकदा त्यांनी घुमटावर चंद्र पश्चिमेला उगवून दाखवला, कुणाच्या लक्षात येतं ते बघायला. कुणाच्याच आलं नाही. उलट एका भूगोलाच्या मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मामांना त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावत जाऊन ते खोडायला लावावं लागलं.

तरीही मामा आंधळेपणानं बोलत नसत. त्यांच्याजवळ एक मोजमाप होतं. तारांगणातल्या खुर्च्या मागे कलणाऱ्या, आणि जुन्या. प्रेक्षक कंटाळला की चुळबुळतो, आणि चुळबुळला की खुर्ची करकरते. मामा एक वाक्य टाकत, कान देत, आणि करकर वाढली की गोष्ट बदलत. घुमट शांत झाला की समजायचं, मासा गळाला लागला.

हे सगळं नव्या संचालकांना नामंजूर होतं. संचालक येऊन सहा महिने झाले होते. माणूस हुशार, तरुण, आणि मोठ्या घरातल्या सुनेसारखा सतत कुणीतरी आपल्याकडे बघतंय अशा धास्तीत असलेला. त्यांचा बेत असा की एका नटाच्या आवाजात निवेदन ध्वनिमुद्रित करून घ्यायचं आणि रोज तेच लावायचं. पैसे कुणी एक देणगीदार देणार होते. मामांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती; तोवर त्यांनी पिशव्या ठेवायच्या खोलीत बसून बिल्ले द्यायचे, असं ठरत होतं. सव्वीस वर्षं माणसांशी बोललेल्या माणसानं पिशव्यांशी काय बोलायचं, असं मामा रोज जेवताना बायकोला विचारत.

बऱ्याच विनवण्या झाल्यावर संचालकांनी एक संधी दिली. विषय नवा होता: दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह. मजकूर संचालकांनी स्वतः लिहिला होता. शनिवारी तो शब्दशः म्हणायचा, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. हे जमलं तर ध्वनिमुद्रणाचं पुढं ढकलू, नाहीतर सोमवारपासून बिल्ले. मामांनी आठवडाभर मजकूर पाठ केला. घरी बायको उलट तपासणी घ्यायची आणि मधेच म्हणायची, "अहो, हे ऐकून दूधसुद्धा उतू जायचं थांबेल."

तर शनिवारी दिवे मालवले, तारे उमटले आणि मामांनी सुरुवात केली. "यजमान ताऱ्यामधील धातूंचे प्रमाण आणि ग्रहाचा परिभ्रमणकाल यांमध्ये सहसंबंध आढळून येतो." करकर. "हायड्रोजन व हेलियम वगळता सर्व मूलद्रव्यांस खगोलशास्त्रात धातू अशी संज्ञा आहे." करकर, करकर. चौथ्या मिनिटाला सगळा घुमट रहाटासारखा कुरकुरत होता. तरी मामा दात आवळून पुढं गेले, कारण दाराजवळच्या खुर्चीत संचालक हातात विजेरी घेऊन बसले होते. सहाव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतून घोरणं ऐकू आलं. साधं नाही, वरच्या पट्टीतलं, मध्ये ताना घेणारं.

सव्वीस वर्षांत मामांच्या खेळात कुणी घोरलं नव्हतं. त्यांच्या तोंडून संचालकांचा मजकूर एखाद्या ओल्या साबणासारखा निसटला.

"आता हे माणसांच्या भाषेत सांगतो," मामा म्हणाले. घुमट दचकून गप्प झाला.

त्यांनी सांगितलं की आकाशशास्त्रवाल्यांच्या लेखी सगळ्यात हलके दोन वायू सोडले तर बाकी झाडून सगळं धातूच. लोखंड धातू, तसा श्वासातला प्राणवायूही धातू. ताऱ्याचा उजेड फोडून त्याचे रंग पसरले की त्यात काळ्या रेघा दिसतात, त्या रेघांवरून कुठल्या ताऱ्याच्या घरात किती माल आहे ते कळतं. आणि गंमत अशी दिसते की ज्या ताऱ्याकडे धातू भरपूर, त्याच्याकडे अगदी जवळून फिरणारे ग्रह जास्त सापडतात. चार दिवसांत, आठ दिवसांत एक फेरी. म्हणजे तिथं दर आठवड्याला वाढदिवस. ज्या ताऱ्याकडे धातू बेताचा, त्याचे ग्रह बहुधा अंतर राखून, लांबच्या फेऱ्या मारतात.

"यात नवल ते काय," मामा म्हणाले. "ज्या सासऱ्याच्या घरात तांबं-पितळ भरलेलं, त्याचा जावई फार लांब जात नाही. घरजावई होतो. सकाळी नळ दुरुस्त करायला खाली, दुपारी औषध आणायला खाली, संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला खाली. परिभ्रमणकाल सरासरी चार तास. आणि ज्याचा सासरा कफल्लक, तो जावई वर्षातून एकदा येतो, तोही चपला न काढता." मग सावरून घेत त्यांनी हेही सांगितलं की हा कल आहे, कायदा नाही, घरोघरी अपवाद असतात, आणि जवळचे ग्रह सापडायलाही सोपे असतात.

हसण्याची लाट गेली. खुर्ची एक करकरेल तर शपथ. घोरणंही थांबलं होतं, आणि तिसऱ्या रांगेतूनच एक जाड आवाज आला, "मास्तर, एक शंका आहे. असा चिकटलेला जावई पुढं जातो कुठं?"

मामांना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. ते म्हणाले, "फारच जवळ आला तर तारा त्याला गिळतो. आणि गिळला की त्याचा धातू ताऱ्याच्या अंगावर दिसायला लागतो. त्यामुळे काही जाणकार उलटंही विचारतात. सासरा श्रीमंत म्हणून जावई जवळ आला, की जवळ आलेले जावई खाऊन सासरा श्रीमंत दिसतोय? पहिल्या बाजूचं पारडं जड आहे, पण खटला अजून बंद झालेला नाही."

"निकाल लागला की कळवा," काळोखातला आवाज म्हणाला. "मी त्याच धंद्यात आहे."

दाराजवळ विजेरी खाली पडल्याचा आवाज झाला.

सूर्य उगवला, दिवे लागले. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तिसऱ्या रांगेतून उठले, पाठ मोकळी केली, आणि सगळ्या घुमटाला ऐकू जाईल अशा आवाजात दाराकडे बघून म्हणाले, "चला जावईबापू. घरी जेवायला थांबलेत." एकशे सात माना संचालकांकडे वळल्या. संचालक चिंचेसारखे आंबट झाले होते. मामांच्या तोंडातली लवंग घशात गेली.

राहिलेली माहिती खिडकीतल्या ताईंनी जाता जाता दिली. हे गृहस्थ म्हणजे तांब्या-पितळेचे ठोक व्यापारी. संचालक त्यांच्याच घरात राहतात. आणि ध्वनिमुद्रणाचे देणगीदारही तेच. आपण कशाला पैसे देतोय ते बघायला कुणाला न सांगता आले होते. हे आधी का नाही सांगितलंत, असं मामांनी विचारलं. ताई म्हणाल्या की तुम्ही लवंग मागितली होती, माहिती नाही.

दहा मिनिटांनी मामा संचालकांच्या खोलीत उभे होते. सासरे बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" संचालकांनी विचारलं. आवाज थंड होता.

"साहेब, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी माझ्याबद्दल बोलत होतो."

"पश्चिमेला चंद्र उगवून दाखवणारा माणूस तुम्ही. आणि मी यावर विश्वास ठेवू?"

इथं मामांची पंचाईत झाली. आयुष्यभर खोड्या केल्या आणि नेमकी जी केली नाही ती अंगाशी आली. शेवटी ते म्हणाले की माझ्या बायकोला विचारा. संचालकांनी खरंच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तुम्ही राहता कुठं, एवढंच विचारलं.

"माझ्या वडिलांकडे, वरच्या मजल्यावर," मामी पलीकडून म्हणाल्या. "चार दिवसांसाठी आलोय. खोली बघायचं चाललंय." मग जरा थांबून त्यांनी हिशेब केला. "येत्या मार्चमध्ये एकोणतीस वर्षं होतील. का हो, यांनी पुन्हा काही केलं का? आणि असतील तिथं तर सांगा, खालचा नळ गळतोय. बाबा दोनदा हाक मारून गेले."

संचालकांनी फोन ठेवला. ते टेबलावरचा काचेचा गोल फिरवू लागले.

"आम्हीसुद्धा चार दिवसांसाठीच आलो होतो," ते हळूच म्हणाले.

"सुरुवातीला तसंच असतं, साहेब," मामा म्हणाले.

बाहेरच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला आणि सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मोजून बोलायची सवय असलेल्या व्यापाऱ्यासारखं सांगितलं की छापील मजकूर सुरू होता तेव्हा मला झोप लागली, हे बोलायला लागले तेव्हा जाग आली. झोप आणायला माझ्या घरी गादी आहे, त्यासाठी नट कशाला हवा? ध्वनिमुद्रण रद्द. मजकूर जावईबापूंनी लिहावा, त्यातली विद्या पक्की आहे, सांगायचं यांनी. निवृत्तीपर्यंत यांना कुणी हलवायचं नाही.

मामांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात सासरे पुढं म्हणाले, "पण पैसे कबूल केलेत, तर द्यायला हवेत. त्या खुर्च्या फार करकरतात. सगळ्या नव्या बसवू, मऊ, बिनआवाजाच्या."

संचालकांनी आभार मानले. मामांनीही मानले, पण सरकारी कागदावर सही करावी तसे.

महिन्याभरात खुर्च्या आल्या. उत्तम खुर्च्या, त्यांत माणूस लोळला, वळला, कंटाळून मेला तरी चूं होईना. पहिल्या दिवशी मामांना काळोखात पहिल्यांदाच काळोख वाटला. समोर एकशे वीस माणसं आहेत की एकशे वीस उशा, काही कळेना. त्यांनी धूमकेतू सांगितला, मेहुणा सांगितला, घरजावई सांगितला. हसू यायचं तिथं आलं, पण दोन हसण्यांच्या मध्ये लोक काय करतायत ते देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मामा घरून पान्हा घेऊन आले, नळाचाच. आठवड्याच्या आत तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या रांगेतली एकेक खुर्ची कशी कोण जाणे करकरायला लागली. पुरवठादाराचा माणूस दोनदा येऊन घट्ट करून गेला, पुन्हा तेच. संचालकांनी दुसऱ्या खेपेला मामांच्या खिशाकडे एकदा बघितलं आणि शेरा लिहिला की हवामानामुळे असेल.

सासरे आता दर शनिवारी येतात. फाटकातून थेट आत जातात, जावयाचे पाहुणे म्हणून, त्यामुळे खिडकीशी त्यांचा संबंध येत नाही. मोठी नोट अजून खिशात असते. ११ जुलैच्या तिकिटाचे चाळीस त्यांच्याकडून मामांना यायचे आहेत.