उंबऱ्यावरचं लाल अंडं

शेजारच्या दीदी रिटायर्ड नर्स. बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांत रोज सकाळी येऊन इंजेक्शन द्यायच्या, बदल्यात चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. माघात बाबा गेले. तेव्हापासून आईनं एकच धोशा लावला होता, कुणीतरी करणी केली. मी समजावून समजावून थकलो. डॉक्टरचे कागद दाखवले, तर म्हणाली, डॉक्टरले काय कळते!

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी दीदींकडे गेलो, तेव्हा कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी उकळत होती. साली मीच गोल बाजारातून पिशवी भरून आणून दिल्या होत्या. अंडी चांगली विटकरी लाल झाली.

"ये रंग प्रभु के खून का है, भैया," त्या म्हणाल्या. "और छिलका मतलब कब्र. बाहर से पत्थर, अंदर जान."

मला पटलं असं नाही, पण बरं वाटलं. बाबा गेल्यापासून आमच्या घरात मरणाबद्दल इतकं साधं कुणी बोललंच नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता आईची किंकाळी ऐकून मी धावलो. उंबऱ्यावर पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात लाल अंडं, मोगऱ्याची दोन फुलं आणि अर्धी जळलेली मेणबत्ती. दीदी पहाटे कब्रस्तानात नवऱ्याच्या कबरीवर प्रार्थना करून आल्या असणार आणि आमचं दार बंद पाहून बाबांच्या नावानं हे ठेवून गेल्या असणार. मला बघताक्षणी कळलं. आईलाही बघताक्षणी कळलं, पण दुसरंच.

"हात लावू नको त्याले! नवरा खाल्ला माहा, आता पोट्ट्यावर करून राहिली कोणी!"

अर्धा पारा, म्हणजे आमची आळी, गोळा झाला. आईनं झाडूच्या दांड्यानं द्रोण नालीत ढकलला, वरून गोमूत्र शिंपडलं आणि ज्यानं केलं त्याचं वाटोळं होवो म्हणून बोटं मोडली. कुणीतरी हळूच 'टोनही' म्हणालं. आमच्याकडे चेटकिणीसाठीचा हा शब्द एकदा बाईला चिकटला की सुटत नाही. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे दीदी पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नालीकडे पाहत राहिलो.

पुढे मी मनाशी म्हणत आलो की नाव घेतलं असतं तर लोकांनी त्यांनाच धरलं असतं. साफ खोटं. मला चारचौघांत तोंड उघडायची लाज वाटली, एवढंच. अंडी रंगवायला कांद्याच्या साली मीच आणून दिल्या, हे आईला कळलं असतं तर तिनं माझ्या हातचं पाणी पिणं सोडलं असतं, याचीही भीती होती. बाबांसाठी राबलेल्या बाईपेक्षा मला ती भीती मोठी वाटली.

संध्याकाळी गेलो. दीदींनी नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. मग त्याच म्हणाल्या, "दिनभर सोच रही थी भैया, मैंने ही तुम्हें ठीक से समझाया नहीं होगा. तुम पहचानते तो बोलते न."

माझ्या वतीनं सबब त्यांनीच शोधून ठेवली होती.

"हव दीदी," मी म्हणालो. "मैं पहचाना नहीं."