उंबऱ्याआतली चप्पल

दवाखान्यात आला की पेशंट शहाण्यासारखा वागतो. झोप म्हटलं की झोपतो, जीभ दाखव म्हटलं की दाखवतो. आमचं उलटं. आम्ही जातो पेशंटच्या दारात. तिथं राजा तो आणि पाहुणे आम्ही! मग किस्से साठले नाहीत तरच नवल. एकोणीस वर्षं मी घरोघरी जाऊन नर्सिंग करतेय. रजिस्टरात फक्त बीपी, शुगर आणि जखमेचं माप लिहायचं असतं. बाकीचं सगळं डोक्यात राहतं आणि चार ओळखीची माणसं भेटली की बाहेर पडतं. आज तुम्ही तावडीत सापडलात, आता ऐका!

आमची संस्था लहानशी. कामशेतला दोन खोल्या, एक पांढरी व्हॅन आणि आम्ही तिघं. मी शैलाताई, तोंडानं फटकळ. हे मी सांगायच्या आधी लोकच सांगतात. दुसरी रंजना, बेडशाची पोरगी. तिच्या भावकीतली पहिली नर्स, आणि हे तिचे वडील एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगतात. तिसरे नामदेवभाऊ, व्हॅनचे ड्रायव्हर. त्यांना रक्त दिसलं की घेरी येते. नर्सिंगच्या गाडीला असला ड्रायव्हर! पण खंडाळ्याच्या धुक्यातून आणि वडिवळ्याच्या चिखलातून अशी गाडी काढणारा दुसरा माणूस दाखवा, मी नोकरी सोडते.

* * *

आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका कुठला? कुत्रं? नाही. चहा!

प्रत्येक घरी चहा. नको म्हटलं की घरातली म्हातारी रुसते आणि रुसली की बीपी मोजू देत नाही. एकदा बेडशात एका सकाळी अकरा घरं केली. अकरा चहा, आणि प्रत्येकात मोठा चमचा साखर. शेवटच्या घरी डायबेटिसच्या आबांची शुगर तपासली तर झकास आली. मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. रंजना म्हणाली, "ताई, बोट द्या तुमचं." गंमत म्हणून दिलं.

तिनं मशीनकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा, आता तुम्ही ताईंना पथ्य सांगा."

आबांनी सांगितलंही! चांगलं अर्धा तास. मीच त्यांना दिलेला तक्ता भिंतीवरून काढून माझ्यापुढं धरला आणि एकेक ओळ वाचायला लावली. तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा मागते. त्याच गावातली एक आजी यावर म्हणते, "बिनसाकरंचा च्या पाव्हण्याला? उद्या गावात सांगाल, हिच्या घरात साकर न्हाई!"

* * *

वडिवळ्याच्या हौसामावशींकडं आम्ही पहिल्यांदा गेलो ते होळी झाल्यावर. उजव्या पायाच्या तळव्याला जखम. इतकी खोल, की आत बोटाचं पेर मावलं असतं. मावशी मात्र ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, कशानं झालं?"

"खिळा घुसला व्हता म्हनं."

"म्हनं म्हणजे? तुम्हाला कळलं नाही?"

"दुखलंच न्हाई तर कळनार कसं? तीन दिस तशीच फिरले. सुनंनं रगात बगितलं सारवलेल्या जमिनीवर, तवा कळलं."

हीच तर साखरेच्या आजाराची खोड. पायाची जाणीवच जाते.

मुलगा दत्ता कंपनीत कामाला. तो त्यांना पुण्यात मोठ्या दवाखान्यात दाखवून आला होता. तिथल्या डॉक्टरांनी घोट्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, "लागण हाडात गेली असेल तर इथून काढावा लागेल." दत्तानं हे मान खाली घालून सांगितलं. मावशी मात्र खणखणीत बोलल्या, "पाय कापून मला खाटंवर बसवनार? सून डबा करनार, पोरांचं बगनार, का माजं हागनंमुतनं काडनार? त्यापरास मेलेली बरी."

मी त्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, "औषधं तुमची, ड्रेसिंग आमचं. थोडे दिवस द्या." ते म्हणाले, "तीन महिने देतो. ताप आला, सूज चढली, तर त्याच दिवशी घेऊन या. आणि सिस्टर, एक अट. उघडा पाय जमिनीला लागता कामा नये. घरातसुद्धा."

मी मोठ्या तोऱ्यात "हो" म्हणून बसले. घरातसुद्धा! मला काय माहीत, त्या एका शब्दात माझा घाम निघणार आहे.

* * *

मऊ तळव्याची खास चप्पल मापानं बनवून आणली आणि मावशींपुढं ठेवली.

"ही दिवसभर घालायची. घरातसुद्धा."

मावशींनी देव्हाऱ्याकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घरात? देवापुडनं? बाई, माज्या सासऱ्यानं मला चपलेसकट बाहीर काडली असती!"

तासभर समजावलं. शेवटी "व्हय, व्हय" म्हणाल्या. आठवड्यानं गेलो तर पाय उघडा!

"चप्पल कुठंय?"

सून मंगल हसू दाबत आत गेली आणि ट्रंक उघडली. जरीच्या लुगड्यात गुंडाळून, वर डांबराच्या गोळ्या टाकून चप्पल ठेवलेली!

"इतकी मऊ चीज रोज कोन घालतं का?" मावशी म्हणाल्या. "नातीच्या लग्नात घालीन."

नात तेव्हा तिसरीत होती!

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "लग्नात एका पायावर उभ्या राहणार आहात का?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण मावशीही काही कमी नाहीत. माझ्या पायांकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तुमी सोता चपला दारात काडून आत येता. आन् मला सांगता, देवापुडनं घालून हिंड! तुमास्नी पाप लागतं, मला न्हाई लागत?"

खरंच होतं ते. एकोणीस वर्षांत मी कुणाच्या उंबऱ्याआत चप्पल नेली नव्हती.

* * *

खंडाळ्याचं सांगते मध्येच, नाहीतर रंजना म्हणेल माझं कौतुक राहिलं.

तिथं रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत. उभा जन्म सिग्नल बघण्यात गेला. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांनी खुर्ची धरली. व्यायामाचं नाव काढलं की डोळे मिटायचे. काकू रडकुंडीला आल्या होत्या. रंजनानं काय करावं? पर्समधून हिरवा रुमाल काढला आणि समोर उभी राहून हलवला. काका उठले की हो! वॉकर धरून चार पावलं टाकली.

मग रोज रुमाल. पण एक दिवस काका काही केल्या हलेनात. रंजना रुमाल हलवून दमली. काका तिच्याकडं टक लावून बसलेले. शेवटी त्यांनी तिच्या अंगाकडं बोट केलं. त्या दिवशी पोरगी लालभडक ड्रेस घालून गेली होती!

काका म्हणाले, "दोन्ही सिग्नल एकदम दिसले तर लाल मानायचा. नियम आहे."

ते वॉकर सोडून फाटकापर्यंत चालत आले, तो दिवस मी विसरणार नाही. फाटकाला हात लावला आणि म्हणाले, "आठ महिने लेट. पण गाडी पोचली." काकू पदरानं डोळे पुसत होत्या आणि आमची रंजना भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचाच हिरवा रुमाल मी तिच्या हातात दिला.

* * *

तर चप्पल.

दोन रात्री मला मावशींचा तो सवाल डाचत होता. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून माझ्यासाठी नवी कोरी चप्पल घेतली, तरी पुन्हा साबणानं धुतली आणि वडिवळ्याला नेली. बाहेरची चप्पल दारात काढली. ही पायात घातली. आणि मावशी बघत असताना उंबरा ओलांडून थेट देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. माझ्या आईनं बघितलं असतं तर!

हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "देवा, या घरात चप्पल मी आणली. पाप लागायचं ते मला लागू दे. म्हातारीचा पाय तेवढा राहू दे."

मंगलच्या हातातलं लाटणं थांबलं. मावशी उठल्या, ट्रंकेपाशी गेल्या, गाठोडं सोडलं, चप्पल काढली आणि पायात घातली.

"बाईनं पाप अंगावर घेतलं," सुनेला म्हणाल्या. "आता न्हाई घातली तर त्ये फुकट जाईल."

पुढं मंगलनं आम्हाला आतली बातमी दिली. मावशी देव्हाऱ्यापुढून जाताना दर वेळी थांबतात, हात जोडतात आणि दटावतात, "देवा, डोळं मीट!" मगच पुढचं पाऊल टाकतात.

* * *

नामदेवभाऊंची घेरी कशी गेली, तेही या घरातलंच.

एका दुपारी आभाळ काळंकुट्ट आणि लाइट गेलेली. ड्रेसिंगला उजेड हवा. रंजनाच्या हातात गॉजची पट्टी, माझ्या हातात चिमटा. टॉर्च कोण धरणार? भाऊंना आत बोलावलं. आले बिचारे, पण डोळे गच्च मिटून! उजेड सगळा कौलांवर.

मावशी ओरडल्या, "नामद्या, पाय खाली हाय माजा, आढ्याला न्हाई टांगलेला!"

भाऊंनी एक डोळा उघडला, मिटला, परत उघडला. पडले नाहीत. पुढच्या खेपेला लाइट असूनही टॉर्च घेऊन स्वतःच आत आले. पुढं पुढं तर आमच्या आधी वाकून बघायला लागले. आणि एक दिवस मी पट्टी सोडली तर हे रक्ताला घाबरणारे गृहस्थ मला सांगतात, "ताई, कडा गुलाबी झाल्यात. आतनं मांस धरतंय."

बरोबर होतं! मी रजिस्टरात त्या दिवशी अगदी तेच वाक्य लिहिलं.

* * *

तीन महिने भरले. जखम वरून मिटत आली होती, कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी ओल तेवढी राहिली होती. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, वरून भरली म्हणजे झालं असं नाही, हाड काय म्हणतं ते फोटोत कळेल. हाड सडलं असेल तर त्याच दिवशी ॲडमिट. दत्तानं पिशवी भरून घेतली होती. टॉवेल, ताट-वाटी, दोन लुगडी.

"ही कशाला?" मावशींनी विचारलं.

"असू दे," दत्ता म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला.

व्हॅन पुण्याला निघाली. मला माझं देव्हाऱ्यापुढचं बोलणं आठवत होतं. पाय गेला तर या माउलीला मी कुठल्या तोंडानं भेटणार?

सकाळी एक्स-रे काढला आणि आम्ही डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. नंबर आला. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या, तर शिपायानं हात आडवा केला. दारावर पाटी होती, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.'

"आजी, चप्पल काढा."

"न्हाई काडनार."

"अहो, नियम आहे. सगळे काढतात."

"सगळ्यांस्नी काडू द्या. मला आमच्या बाईनं सांगितलंय, पाय उगडा जमिनीला लावायचा न्हाई."

"आजी, आत डॉक्टर बसलेत!"

मावशींचा आवाज चढला. अख्ख्या रांगेनं ऐकला. "तीन म्हैनं देवापुडं काडली न्हाई! डाक्टरपुडं काडू?"

दार उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. हातात एक्स-रेचा फोटो. त्यांनी मावशींकडं बघितलं, पायांकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. दत्तानं पिशवी छातीशी धरली. नामदेवभाऊंनी खिशातल्या टॉर्चवर हात ठेवला, सवयीनं.

डॉक्टर म्हणाले, "बसा आजी. बाकावरच बसा." मग सगळ्या रांगेसमोर ते फरशीवर उकिडवे बसले. मावशींची चप्पल त्यांनीच आपल्या हातानं काढली, पाय मांडीवर घेतला, तळवा दाबून दाबून बघितला. त्या ओल्या कोपऱ्यावर बराच वेळ बोट फिरवलं.

"हाड स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पाय राहिला. एवढी ओल आठ दिवसांत जाईल. ड्रेसिंग कुणी केलं?"

"ह्या दोघींनी," मावशी म्हणाल्या. "आन् ह्यो टॉर्च धरायचा."

दत्ता भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागला. डॉक्टरांनी चप्पल उचलली आणि परत मावशींच्या पायात घातली, नीट, टाचेपर्यंत.

मावशींनी पाय जमिनीवर टेकवला. एकदा दाबून बघितला. मग माझा हात धरून मला खाली ओढलं आणि कानाशी हळूच म्हणाल्या,

"बाई, देवाला आता डोळं उगडायला सांगू का?"