चिकूच्या डोक्यावरचं कुंकू

डेक्लनने मला फसवलं नाही. मी माझ्या मुलीला फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. इथे परदेशात आमच्या सगळ्या ओंगार वस्तीला मात्र मी उलटंच सांगत आलो.

लॉकडाऊनमध्ये सईने हट्ट धरला, म्हणून साप पाळून विकणाऱ्या डेक्लनकडून पाळीव कॉर्न स्नेक आणला. बिनविषारी, पण चिडका. हे त्यानेच आधी सांगितलं होतं — आणि त्याच मुद्द्यावर मी भाव पाडला होता. स्वतःच्या हिमतीवर वर आलोय. घासाघीस केल्याशिवाय काही घेत नाही. पुढे चिडका साप गळ्यात मारला म्हणून शिव्या देणाराही मीच.

सईने त्याचं नाव चिकू ठेवलं. आधी नुसता आपला वापरलेला टी-शर्ट काचपेटीत ठेवला, वास ओळखीचा व्हावा म्हणून. मग आत हात ठेवून बसायची — तो अंगावर आला तरी हात मागे नाही. उचलायची खालून, वरून हात आला की त्याला घार वाटते, म्हणायची. हळूहळू चिकू तिच्या मनगटाला वेढा घालून ऑनलाइन शाळेत बसू लागला. "बाबा, ही'ज ग्रँड नाऊ," म्हणाली, म्हणजे आता छान रुळलाय. एवढा धीर माझ्यात कधी होता का?

पुढच्या नागपंचमीला मायलेकी बाहेर गेल्या होत्या. नागपूरहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. नाग म्हणून तिला घरचा जिवंत साप दाखवायची मला हौस. चिकूची कात निघायची होती, डोळे दुधाळ झालेले, त्याला धड दिसत नव्हतं. हात लावू नका, असं सई बजावून गेली होती. मी धरला — वरूनच. पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती तोंडाशी ओवाळली. तो उसळला आणि माझं डोकं फिरलं. टॉवेलने त्याची मान दाबून धरली.

"सोड रे त्याला," आई म्हणाली. "घाबरलाय तो."

मी सोडलं नाही. पूजा उरकली. मग ओल्या फडक्याने कुंकू पुसून टाकलं.

संध्याकाळी सईने पाणी बदलायला हात घातला आणि तो चावला. ती रडली नाही. रक्ताचे थेंब बघत म्हणाली, "माझं काय चुकलं, बाबा?"

तेव्हा सांगता आलं नसतं का? मी म्हणालो, "त्या डेक्लनने फसवलं आपल्याला." आणि भांडून साप परत केला. "हा कशाला तरी घाबरलाय," डेक्लन म्हणत होता. मी आवाज चढवला. सई मागे तो टी-शर्ट घेऊन उभी होती.

आता ती शेजारच्या कुत्र्यालाही हात लावत नाही. "आय'म नो गुड विथ अ‍ॅनिमल्स," म्हणते.

याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा. तो मी डेक्लनकडे मागत फिरलो. सई, हे वाच — आणि माझ्याकडे माग.