जूनमधला स्वेटर

माझ्या जुळ्या भावाला डोंगरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथं दसऱ्यालाच रजई लागते, जानेवारीत नळ गोठतात, असं तो आमच्या भेस्तानच्या वस्तीभर मिरवत सांगायचा. बारावीला मार्क माझे जास्त होते. पण "पोरीला ती थंडी सोसायची नाही," म्हणत बाबांनी मला सुरतेतच ठेवलं.

जूनच्या उकाड्यात आईनं त्याचा स्वेटर विणायला घेतला. तो दिवसभर मित्रांत उंडारायचा. आमची अंगकाठी सारखी, म्हणून माप माझ्या अंगावर. लाइट गेलेली, पंखा बंद, अन् मी गळ्यापर्यंत लोकरीत! पाठभर घामोळं उठलं.

"काढू का आता?" मी खेकसले.

"थांब गं," आई म्हणाली. "त्याला थंडी जरासुद्धा सोसत नाही. तुझ्यासारखा काटक थोडाच आहे तो?"