उजवीकडचे उंदीर

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे उंदीरकाका पिंजऱ्यावर टकटक केल्याशिवाय आत हात घालत नसत. खोकला आला तर कोपरात तोंड खुपसत, उंदरांना बाधेल म्हणून. बायकोशी वाजलं की आधी पिंजऱ्यांना सांगत. जाड्या उंदराला ते ‘साहेब’ म्हणत. प्रयोग चालवणाऱ्या खऱ्या साहेबांसमोर मात्र त्यांची जीभ टाळ्याला चिकटे.

प्रयोगशाळेतला प्रयोग सोपा होता. सगळ्या उंदरांना कॅन्सर होईल असं औषध टोचलं होतं. डावीकडच्यांच्या खाद्यात सेलेनियम नावाचं खनिज मिसळलेलं, उजवीकडच्यांचं खाद्य साधं. कुणाला गाठी कमी येतात, एवढंच बघायचं.

गाठी उजवीकडे जास्त यायला लागल्या. काकांनी घरी सांगितलं. काकूंचं कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी डॉक्टरांना न विचारता त्याच खनिजाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पुन्हा आरशात बघू लागल्या.

इकडे काकांचा जीव उजवीकडे अडकला. “एक सख्खा, एक सावत्र?” असं पुटपुटत ते डावीकडचं खाद्य मुठीनं उजवीकडे वाटू लागले.

शेवटी साहेबांनी निकाल जाहीर केला. दोन्हीकडे गाठी सारख्याच, खनिज कुचकामी. टाळ्या झाल्या. घरी काकूंनी गोळ्या केराच्या डब्यात टाकल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, उजवीकडच्यांनाही मीच चारलं.”

साहेबांनी दार लावलं. “कुणाकुणाला सांगितलंत?”

“उंदरांना.”

“मग तिथंच राहू द्या. निबंध छापायला गेलाय, माझी बढती तोंडावर आहे.”

“पण आमची मंडळी...”

“काका, फायदा दिसला असता तरी तो उंदरांपुरता. माणसाचं वेगळं असतं.”

“मग इतकी वर्षं आपण उंदरांची चाकरी केली म्हणायची!”

रात्री त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू उठून बसल्या. “अहो, मग माझ्या गोळ्यांत दम आहे की नाही?”

“आता कुणालाच ठाऊक नाही.”

“मग पुन्हा करून बघा. आणि या खेपेला दया माझ्यावर करा, उंदरांवर नको.”

सकाळी उंदरांची नवी तुकडी आली होती. काकांनी कुणालाही न विचारता प्रयोग पुन्हा मांडला. डावीकडच्या वाट्या भरल्या. साध्या खाद्याचा डबा उघडला. उजवीकडचे उंदीर जाळीला नाकं लावून बघत होते. काकांनी मान फिरवली, मूठ भरली.

तेवढ्यात शिपाई साहेबांचा हुकूम घेऊन आला. काकांची बदली फाटकावर झाली होती, आत्ताच्या आत्ता. शिपायानं किल्ली मागून घेतली.

उजवीकडच्या वाट्या रिकाम्याच राहिल्या.