आमचे कुस्तीचे मास्तर आणि कापसाचा काटा

आमच्या घरी तेव्हा सकाळची भाकर संध्याकाळपर्यंत पुरवावी लागे. वडील जळगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करत, आई शेंगा फोडायला जाई. अशा घरातल्या पोराला कुस्तीच्या हौदात उतरवणारा माणूस एकतर वेडा असावा, नाहीतर आमचे मास्तर असावेत. हायस्कुलात त्यांना नेमलं होतं ड्रिल शिकवायला. हौद त्यांनी स्वतःच खणला. साऱ्या खानदेशात त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस झाला नाही. त्यांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता समोरच्याची मान चाचपत. एका लग्नात अक्षता टाकायला गेले आणि नवरदेवाचीच मान दाबून सासऱ्याला म्हणाले, “पोरगा चांगला आहे, पण खांदे उघडे टाकतो.” पंच झाले की पाठ टेकली का हे बघायला हौदात पोटावर आडवे होत, कुस्ती संपल्यावर पैलवानांपेक्षा त्यांच्याच अंगाला माती जास्त.

त्यांचं खरं वेड वजनाचं. तेव्हा जोड नुसत्या नजरेनं लागायची. एका जत्रेत आमच्या वर्गातल्या पोराची जोड मिशीवाल्या गड्याशी लागली आणि पोराचा हात खांद्यातून गेला तो कायमचा. तेव्हापासून मास्तर आम्हाला जिनातल्या कापसाच्या काट्यावर चढवू लागले आणि सारख्या वजनाच्या पोरांचीच जोड लावू लागले. हमाल विचारत, “मास्तर, सरकी काढून तोलायचं की सरकीसकट?” हेडमास्तरांनाही तो पोरखेळच वाटे. धुळ्याच्या शाळांनी ही पद्धत मानली तर ठीक, नाहीतर हौद बुजवा, असं त्यांनी सांगून टाकलं.

धुळ्याचे सामने ठरले. निघायच्या सकाळी मास्तरांनी मला घरी जेवायला बोलावलं. काकूंनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली. मास्तर पानाभोवती फेऱ्या मारत “अजून वाढ त्याला” म्हणत राहिले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो, काट्यावर चढलो आणि माझं पारडं खाली गेलं. ज्या गटात माझं नाव होतं, त्याच्या वजनापेक्षा मी जड भरलो.

मास्तरांनी मला पांझरा नदीच्या काठानं पळवलं. धोतर खोचून स्वतःही पळाले. परत आलो तरी पारडं तिथंच. तिथले एक शिक्षक हसून म्हणाले, “राहू द्या हो, भरीतच आहे ते. कुस्ती लागेपर्यंत जिरेल.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. प्रत्येकाच्या शाळेत एखादा जड गडी होताच. मास्तर काट्याभोवती फिरत राहिले, फिरत राहिले, आणि मग थांबले. त्यांना थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं.

“उतर खाले, पोऱ्या,” ते म्हणाले. “तू मना शे. काटा मना नही.” तू माझा आहेस, पण काटा काही माझा नाही.

माझं नाव त्यांनी स्वतः खोडलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. पण त्यानंतर एकाही शाळेला वाद घालायला तोंड राहिलं नाही. एकेक पोरगा मुकाट्यानं काट्यावर चढला, आणि जड ठरला तो उतरला.

परतीच्या गाडीत मास्तर या दारापासून त्या दारापर्यंत येरझारा घालत होते. बऱ्याच वेळानं माझ्याजवळ आले, माझी मान चाचपली आणि हळूच विचारलं, “भरीत तरी चांगलं झालं होतं ना रे?”

पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला. मास्तर गेले तेव्हा मी परीक्षेत अडकलो होतो. जाता आलं नाही, ते अजून सलतं. आमच्या शाळेचा हौद बुजवला गेला नाही, आणि जळगाव-धुळ्याच्या शाळांत त्यानंतर वजन केल्याशिवाय जोड लागली नाही.